चमचाभर कुटाचं गणित

काकडीच्या कोशिंबिरीवर घातलेलं मोठा चमचाभर दाण्याचं कूट म्हणजे साधारण १० ग्रॅम, जेमतेम २० दाणे. त्यातून ५७ कॅलरी, अडीच ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं आणि ५ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. एका ताटापुरतं हे किरकोळच. आता हाच चमचा अख्ख्या महाराष्ट्राला वाढून बघू.

२०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. माणशी रोज एक चमचा धरला, तर दिवसाला १,१२४ टन कूट लागेल. दहा टनांचे ११२ ट्रक भरूनही थोडं उरेल. दाणे होतील सुमारे २२५ कोटी. एक दाणा सव्वा सेंटिमीटरचा धरून ते एकापुढे एक मांडले, तर दीड दिवसाच्या दाण्यांत विषुववृत्ताला पुरा वेढा बसेल.

या कुटातल्या कॅलरी भरतात ६३७ कोटी. माणशी २,००० या हिशेबाने ३२ लाख लोकांचा दिवसभराचा आहार झाला. त्याच जनगणनेत पुणे शहराची वस्ती ३१ लाखांच्या थोडी वर होती! प्रथिनं मिळतील २९० टन, म्हणजे ४ कोटी ८० लाख अंड्यांइतकी.

कुटाची खरी किंमत उपवासाला कळते. १०० ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. त्याच खिचडीत ५० ग्रॅम कूट पडलं की जवळपास १३ ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम तंतू येतात. कुटासाठी हात आखडता घेतला, तर ताटात नुसता स्टार्च उरतो.

कूट करताना मिक्सर थांबत थांबत फिरवावा लागतो. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो, कारण दाण्याचं निम्मं वजन तेलाचंच असतं. त्यामुळे एरवी चमचा एकच पुरे. बुरशी आलेले, काळपट दाणे मात्र आधीच निवडून टाका; त्यांतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजल्यानेही ते पूर्ण जात नाही.

रोजचा एक चमचा म्हणजे वर्षाला साडेतीन किलोहून जास्त कूट आणि दीडशे अंड्यांइतकी प्रथिनं. दाण्यांची ॲलर्जी नसेल, तर हा चमचा चुकवू नका.