धंद्याचे आयुष्य

लहानसा धंदा सुरू करणे तितकेसे कठीण नाही. थोडे उसने पैसे, एखादे अंगचे कसब आणि चार ओळखीची गिऱ्हाइके एवढ्या सामग्रीवर तो उभा राहतो. कठीण असते ते त्याला दीर्घायुष्य लाभणे. एका दसऱ्याला झेंडूच्या माळांनी सजलेल्या दुकानाला तिसऱ्या दसऱ्याच्या आतच कुलूप लागल्याचे दृश्य गावोगावी दिसते. भांडवल अपुरे पडले, असे मग सांगितले जाते. हे निदान खोटे नव्हे. पण ते पुरेसेही नव्हे. मुंबईच्या गिरगावात अवघ्या ऐंशी रुपयांच्या कर्जावर सुरू झालेला एक उद्योग साठ वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहे. त्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. शिक्षण बेताचे, बाहेर नोकरीची सोय नाही, मात्र पापड लाटण्यात हात बसलेला. समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून त्यांनी ऐंशी रुपये उसने घेतले. त्या दिवशी पापडांच्या चार पुड्या तयार झाल्या. पहिल्या वर्षाची एकंदर विक्री ६,१९६ रुपये झाली. पुढे ‘लिज्जत’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या उद्योगाचा आरंभ तो हा. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

परंतु प्रारंभीच पावसाळा आडवा आला. ऊन नसल्यामुळे पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली शेगडी पेटवावयाची, एवढ्या साध्या तोडग्याने वर्षाचे बाराही महिने काम चालू लागले. हंगामी उत्पन्नावर कोणतेही घर उभे राहत नाही. म्हणून या खाटेचे महत्त्व मोठे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचे पापड स्वस्तात विकण्याचा विचार होता. छगनबापांनी सल्ला दिला की पापड एकाच ठराविक प्रतीचा करावा आणि तिच्यात कधीही तडजोड करू नये. या सल्ल्यात व्यापाराचे मर्म आहे. स्वस्त माल घेतलेले गिऱ्हाईक वाचलेले पैसे लवकर विसरते. फसलेली चव मात्र त्याच्या ध्यानात राहते, आणि ती दोन्ही प्रतींच्या नावावर जमा होते.

हिशेबाविषयीही त्यांचा आग्रह तितकाच कडक होता. घरखर्चाचे पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच डब्यात ठेवले, की नफा कोठे संपला आणि मुद्दल कोठे सुरू झाले, हे कोणालाच उमगत नाही. अनेक छोटे धंदे तोट्याने नव्हे, तर या अज्ञानाने बुडतात. शिवाय नुकसान झाले तरी देणगी मागावयाची नाही, असाही या महिलांचा निश्चय होता. देणगीवर चालणारा उद्योग दात्याची मर्जी असेतोवरच चालतो.

तिसऱ्या वर्षाअखेर सभासदांची संख्या तीनशेच्या वर गेली आणि गच्ची अपुरी पडू लागली. तेव्हा भिजवलेले पीठ घरोघरी नेऊन पापड लाटावे आणि वजन व बांधणीसाठी परत आणावे, अशी पद्धत पडली. जागेचा खर्च वाचला, आणि घर न सोडताही स्त्रियांना मिळकत होऊ लागली. लाटणारी प्रत्येक स्त्री येथे मजूर नसून भागीदार आहे. नफा तिचा, तसा तोटाही तिचाच. मालाची प्रत राखण्यासाठी याहून चांगला पहारेकरी मिळणे कठीण. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली आणि आठ लाख रुपयांचे खेळते भांडवलही हाती आले. मात्र तोपर्यंत सात वर्षे हा उद्योग स्वतःच्या पायांवर उभा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

प्रत्येक पाऊल यशस्वी झाले, असे मात्र नाही. १९६१ साली मालाड येथे काढलेली शाखा चालली नाही. पुढे आगपेट्या व अगरबत्त्या यांचे प्रयोगही फसले. परंतु फसलेल्या प्रयोगापायी मूळ धंदा पणाला लागला नाही. १९६८ साली गुजरातमधील वालोड येथे शाखा निघाली आणि ती मात्र रुजली.

आज सुमारे ४५,००० स्त्रिया या उद्योगाच्या सभासद आहेत आणि पापड अजूनही हातानेच लाटला जातो. विस्तार एवढा झाल्यावर पीठ तेच, वजन तेच आणि विश्वास तोच राखणे, ही त्यांची नित्याची कसोटी आहे. कारण एका पुडीतील पापड बिघडला, तर हजारो घरांच्या मिळकतीला धक्का बसू शकतो. नवा धंदा काढणाऱ्याने भांडवल किती जमले याचा हिशेब अवश्य करावा. पण त्याबरोबरच टंचाईच्या दिवसांतही आपण कोणती गोष्ट मुळीच करणार नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावे.