तंजावर: लिहून ठेवणाऱ्यांची राजधानी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या या सपाट भागात नजर जाईल तिथवर भातशेती आणि नारळी. दगड नावाला नाही. तरी राजराजा चोळाने १०१० साली इथे बृहदीश्वराचं मंदिर पूर्ण केलं ते ग्रॅनाइटमध्ये, आणि त्यावर दोनशे फुटांहून उंच विमान चढवलं. सगळा दगड बाहेरून आणलेला.

विमान पाहावंच. पण नंतर जोत्याशी वाका. राजराजाने तिथे देवळाचा कारभार तमिळमध्ये कोरून ठेवला आहे: दागिने, दिव्यांची सोय, नेमणुका. चारशे नर्तकींची नावं आहेत, कुणाचं घर कोणत्या ओळीत तेही आहे. चोळांच्या विजयकथा पुष्कळ ऐकायला मिळतात. मला ही नावं जास्त मोलाची वाटतात.

आवाराच्या भिंतीकडे गेलं की मराठी माणसाचा पाय अडतो. अक्षरं देवनागरी, भाषा आपली. भोसले घराण्याचा हा इतिहास १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी बाबूराव चिटणिसांकडून लिहवून घेतला. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे राज्य उभारलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. मात्र १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला होता. सरफोजींच्या हाती उरला होता तो किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख. त्यानंतर चारच वर्षांत त्यांनी ही भिंत अक्षरांनी भरवली. सत्ता गेली तरी आपण कोण हे पुसलं जाऊ नये, असा निर्धार मला त्यात दिसतो. नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. निदान चार ओळी अक्षर लावून वाचा.

तोच निर्धार राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात दिसतो. संग्रह मराठ्यांआधीच्या नायक राजांपासूनचा, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. काशीयात्रेहून त्यांनी पोथ्या आणल्या, युरोपातून पुस्तकं मागवली. ताडपत्रं आहेत, मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. राजांना वैद्यकाची गोडी होती. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून केलेल्या नोंदीही इथे जपल्या आहेत. मूळ संग्रह अभ्यासकांसाठी असला, तरी शेजारच्या संग्रहालयात निवडक वस्तू पाहता येतात. बहुतेक सहली देवळावरूनच परत फिरतात, याची हळहळ वाटते. राजवाड्याला निदान अर्धा दिवस द्यायला हवा.

देवळात सकाळी लवकर जा. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि ऊन चढल्यावर फरशी पाय भाजते. दुपारी गाभाराही बंद असतो. तो वेळ राजवाड्यासाठी ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा देवळात या. शहरात घरी मराठी बोलणारी जुनी कुटुंबं अजून आहेत. त्यांच्या बोलण्यात तमिळचा हेल आहे, पण तुमचं मराठी त्यांना कळतं, बोलून पाहा.