इंजिन का अडखळते?

चार सिलिंडरांची जुनी पेट्रोल मोटार धक्के देत चालली, तर बहुधा एका सिलिंडरात ठिणगी पडत नसते. तो कोणता? मेकॅनिक एकेका प्लगची तार काढतो. जी काढूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तिथे दोष. (तुम्ही मात्र हात लावू नका, इग्निशन कॉइल 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते!)

मग इंजिन थांबवून तो प्लग शेजारच्याशी बदलतो. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग खराब. जागीच राहिला, तर तार वा सिलिंडर तपासायचा.

प्लगवर कोरडी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त. काजळी हा कार्बन, विजेचा वाहक. वीज फट ओलांडण्याऐवजी तिच्यातूनच निसटते. म्हणून नुसता प्लग पुसून भागत नाही, कार्बुरेटरही पाहावा लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ही प्रयोगशाळेतलीच रीत नव्हे काय?