फोनमधले कॉलेज

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि महाविद्यालयांना कुलुपे लागली. २०२१ च्या फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने दार किलकिले झाले, ते दुसऱ्या लाटेने पुन्हा लोटले गेले. ऑक्टोबरात कुठे वर्ग भरू लागले. या दीड वर्षात शिक्षण फोनवरून दिले गेले. घेतले किती गेले, हा आजचा प्रश्न होय.

प्रथम साधनांचा हिशेब करू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील १०० घरांपैकी सुमारे १५ घरांत इंटरनेटची सोय आढळली आणि जेमतेम ४ घरांत संगणक. आमच्या हिंगोलीला १९९९ साली जिल्हा झाल्याचा मान मिळाला. औंढ्याजवळ दुधाळ्याला आकाशातील गुरुत्वलहरी ऐकणारी वेधशाळा व्हावयाची आहे, २०२३ साली तिला केंद्राने मंजुरीही दिली. परंतु त्याच मुलखातील विद्यार्थ्याला प्राध्यापकांचा आवाज ऐकण्यासाठी माळवदावर चढावे लागले!

सेनगाव तालुक्यातील एका हमालाची मुलगी आम्हांला ठाऊक आहे. घरात फोन एकच. तो पहाटे बापाबरोबर हळदीच्या मोंढ्यात जाई आणि दिवेलागणीला परत येई. कॉलेजचा तास सकाळी अकराला. तिने तो ऐकावा कसा?

येथे थोडे गणित मांडतो. साध्या दर्जाचे चलचित्र सेकंदाला एक मेगाबिट मागते, म्हणजे तासाला ४५० मेगाबाइट. चार तास झाले की दिवसाचा दीड जीबीचा पॅक संपून उधारी सुरू. तेच व्याख्यान नुसत्या आवाजात पाठवले तर तासाला ३० मेगाबाइटांत भागते, आणि ते रात्री, फोन घरी आल्यावर ऐकता येते. प्राध्यापकांचे मुखदर्शन घडत नाही, हे खरे. पण अर्थशास्त्र कळण्यास त्याची गरज कितीशी?

तथापि नुसते ऐकून भागत नाही. कामगारांच्या सभेत आम्ही तासभर बोलतो, माना डोलतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारावे तर मागणी कोणती हे चौघांनाही सांगता येत नाही. म्हणून आम्ही आधी दहा मिनिटे बोलतो आणि मग एखाद्याला उभे करून तेच त्याच्या शब्दांत सांगावयास लावतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. समोर वर्ग नसतो तेव्हा हे अधिकच लागू पडते, कारण फोनपलीकडच्या माना शिक्षकाला दिसतच नाहीत.

त्या मुलीच्या एका प्राध्यापकांनी, कोणी न सांगता, हेच केले. दहा मिनिटांचा आवाज, शेवटी एक प्रश्न, आणि उत्तर वहीत लिहून तिचे छायाचित्र रविवारपर्यंत पाठवावयाचे. चुकले तिथे ते दोन वाक्ये बोलून पाठवीत. तिची वही आम्ही पाहिली. पहिल्या पानांवर ओळीदेखील पुऱ्या नाहीत, पुढे पाने भरत गेली आहेत.

कॉलेजच्या नोंदीत मात्र ती त्या सत्रात गैरहजर राहिली. हजेरी अकराच्या तासाला जोडल्या गेलेल्या फोनांचीच घेतली जात होती.