छोटा सिनेमा घरी बघू? जरा थांबा!

या भागात सिनेमाच्या गप्पा. समीक्षा वगैरे नाही हं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, सिनेमाचं शिक्षण शून्य. तिकीट काढायचं, बघायचं आणि मग मित्रांचं डोकं खायचं, एवढंच आपलं काम. आज डोकं तुमचं.

आमच्या ग्रुपवर दर शुक्रवारी एक वाक्य हमखास येतं: "मोठा सिनेमा असेल तर थेटरात जाऊ, छोटा ओटीटीवर आला की बघू." ऐकायला एकदम व्यवहारी. चार तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग असा हिशोब केला की कुणालाही पटेल. पण नोव्हेंबर 2024 ते सप्टेंबर 2025 या काळात थेटरात पाहिलेले चार सिनेमे समोर ठेवले, तर माझं मत याच्या बरोबर उलट आहे. गोंगाटी सिनेमा घरी चालून जातो, शांत सिनेमाला थेटर लागतं.

आधी 'छावा'. 14 फेब्रुवारी 2025 ला आला, आम्ही पहिल्याच रविवारी गेलो. विकी कौशलने जीव ओतलाय. शेवटच्या अर्ध्या तासात अख्खं थेटर गप्प होतं आणि बाहेर पडताना लोक डोळे पुसत होते. पण पार्श्वसंगीत मला बऱ्याच ठिकाणी प्रसंगाच्या पुढे पळाल्यासारखं वाटलं. बरोबर 8 आठवड्यांनी तो ओटीटीवर आला, तेव्हा घरी परत लावला. भाजी निवडत, मध्येच फोन घेत बघितला, तरी फार काही सुटलं नाही. असा सिनेमा तुमचा कान धरून तुम्हाला जागेवर बसवतो.

आता 'दशावतार'. 12 सप्टेंबर 2025 ला आला, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री नावाचे दशावतारी कलावंत झालेत. उत्तरार्धातला सूडाचा भाग मला थोडा ताणलेला वाटला. पूर्वार्धातलं बाप-लेकाचं नातं मात्र फर्मास! तिथे प्रभावळकर नुसते बसलेले असले तरी नजर हलत नाही. रात्रीचं कोकण, दाट झाडी, अंधारातले रंगवलेले चेहरे, हे सगळं मोठ्या पडद्यावरच बघावं.

या अंधाराचं जरा तांत्रिक सांगतो, इंजिनिअर असण्याचा तेवढाच उपयोग. डिजिटल सिनेमाचं जे ठरलेलं मानक आहे, त्यात प्रत्येक चित्र वेगळं साठवतात, सेकंदाला 24. डेटा सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. ओटीटीला एवढं परवडत नाही. 4के असलं तरी साधारण 15 ते 25 मेगाबिटमध्ये भागवावं लागतं. मग काय करतात? आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवतात. अंधारातले बारीक फरक कुणाच्या लक्षात येणार नाहीत असं धरून ते पुसून टाकतात. शिवाय मानकाप्रमाणे थेटरात एका रंगाच्या 4096 छटा असतात, घरच्या साध्या व्हिडिओत 256. म्हणून टीव्हीवर काळ्या आभाळात पट्टे दिसतात. तुमचा टीव्ही बिघडलेला नाही, माहितीच तेवढी आलेली असते.

तिसरा सिनेमा पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. 2024 मध्ये कानला ग्रां प्री मिळालेला. मुंबईतल्या तीन बायका, पाऊस, लोकल, निळसर रात्री. छाया कदमची पार्वती हॉस्पिटलात स्वयंपाक करते. घराचे कागद नाहीत, बिल्डर मागे लागलाय, शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. मुंबईचा आवाज मागे पडून समुद्र सुरू होतो, तो बदल थेटरात अंगावर येतो. घरी पंखा आणि कुकरची शिट्टी चालू असताना तो कळणारच नाही.

आणि चौथा, माझा सगळ्यात आवडता, रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला, सप्टेंबरमध्ये आपल्याकडे लागला. वडील गेलेत, म्हणून मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि दोघांमधलं प्रेम हळूहळू उलगडतं. एकीकडे "लग्न कधी करतोस?" विचारणारे नातेवाईक, दुसरीकडे सगळं माहीत असलेली आई. यात पार्श्वसंगीतच नाही! आता रड, आता हस, असं सांगणारं कुणी नाही. दोन माणसं नुसती शेजारी बसलेली असतात, आणि तुम्हालाही त्यांच्याबरोबर बसावं लागतं. आमच्या शोला जेमतेम पंधरा जण होतो, पण एकाच्याही फोनचा उजेड दिसला नाही. घरी मी त्या शांततेत नक्की दहा सेकंद पुढे ढकललं असतं. आणि त्या दहा सेकंदांतच तर सिनेमा आहे.

आता अडचण काय, तर असले सिनेमे थांबत नाहीत. शो बहुतेक आठवड्याच्या हिशोबाने ठरतात. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत, तर पुढच्या शुक्रवारी शो दुपारी दीडला ढकलतात किंवा काढूनच टाकतात. दुपारी दीडला नोकरी करणारा कोण जाणार? मग परत खुर्च्या रिकाम्या, आणि "बघा, लोक येत नाहीत" म्हणायला सगळे मोकळे. मराठीला तर हे दरवेळी भोगावं लागतं. 'दशावतार' आला त्याच दिवशी 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'ही लागले होते. तीन मराठी सिनेमे, पडदे तेवढेच आणि प्रेक्षकही तेच!

म्हणून माझा साधा नियम सांगतो. महिन्याला एकच तिकीट परवडत असेल, तर ते ज्याची जाहिरात कमी दिसते त्या सिनेमाला द्या, आणि पहिल्या तीन दिवसांत द्या. मोठा सिनेमा तुमची वाट बघेल, ओटीटीवर येईल, टीव्हीवर दर रविवारी लागेल. छोटा पुढच्या शुक्रवारपर्यंत असेलच याची खात्री नाही.

तुम्ही शेवटचा कुठला शांत सिनेमा थेटरात पाहिलात? नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर फोन सायलेंटवर ठेवा, निदान थेटरात तरी!