तैलरंगातील व्यक्तिचित्रण

जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावात शालेय विद्यार्थी शासकीय रेखाकला परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र यांचा अभ्यास करतो. तैलरंगातील व्यक्तिचित्र त्याच्या वाट्यास येत नाही. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेने समोर बसलेल्या माणसावरून चित्र काढण्याची शिस्त महाराष्ट्रात रुजविली; सावळाराम हळदणकर तिचेच विद्यार्थी.

छायाचित्रावरून रंगविलेल्या तसबिरी बहुधा निर्जीव वाटतात, कारण छायेतील सूक्ष्म छटा छायाचित्रात बुडून जातात. म्हणून उत्तरेकडील खिडकीजवळ एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास बसवावे. तेथील प्रकाश दिवसभर फारसा पालटत नाही. शाळेने वा स्थानिक स्वराज्य संस्थेने अशी खोली आठवड्यातून एक सकाळ मोकळी करून दिली, तर खर्च नगण्य आहे.

आरंभी रंगांचा मोह टाळावा. डोळे किंचित मिटून पाहिल्यास छाया व प्रकाश यांचे मोठे भाग वेगळे दिसतात. ते एकाच तपकिरी रंगाने मांडावेत. डोळे, ओठ मागाहून. सावळ्या कांतीवरील छाया काळ्या रंगाने भरली की चेहरा मळकट होतो, ही नवशिक्याची नेहमीची चूक.

जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यामुळे खालचा थर टर्पेंटाइनने पातळ व वरचा अधिक तेलाचा ठेवावा. उलट केल्यास पुढे भेगा पडतात. पृष्ठभाग कोरडा भासला तरी आतील थर ओलाच असतो, म्हणून वार्निश साधारण सहा महिन्यांनंतरच द्यावे.