बी नसलेल्या गवताची मशागत

1964 साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मोझेस ब्राऊन नावाच्या शाळेत मोन्सँटो समूहाचं ‘केमग्रास’ अंथरलं गेलं. हे नायलॉनच्या तंतूंचं गवत होतं. दोन वर्षांनी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमला त्याची गरज पडली. त्या बंदिस्त स्टेडियमच्या छताची तावदानं इतकी चकाकत, की खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. तावदानं रंगवली, तर खालची हिरवळ उन्हावाचून मेली. तिच्या जागी केमग्रास आलं आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणून जगभर गाजलं. पुढे 1998 मध्ये याच मोन्सँटोने महिकोत 26 टक्के हिस्सा घेतला. बियाण्यांचं गाव आणि बी नसलेलं गवत यांचा धागा असा जुळलेला आहे, हे कळल्यावर मी थक्क झालो.

त्याहून नवल म्हणजे, ज्या गवताला उन्हाच्या तुटवड्यात पहिलं मोठं मैदान मिळालं, ते आता मराठवाड्याच्या उन्हात पडून असतं. पाण्याची ओढ असलेल्या गावात अंगणात लॉन कसं जगवायचं? 2013 च्या दुष्काळात जालन्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. अशा ठिकाणी पाणी न मागणारी हिरवळ कुणालाही हवीशी वाटेल. फक्त ‘एकदा टाकलं की काम संपलं’ हे विक्रेत्याचं वाक्य खरं मानू नका. आपल्याकडची साधी हरळी रोज जी कामं मुकाट्याने करते, ती सगळी इथे माणसाला हाताने करावी लागतात.

पहिलं काम थंडाव्याचं. जिवंत गवत मुळांनी पाणी ओढतं आणि पात्यांतून वाफ करून सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते, ती विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाएवढी भरते. एवढी उष्णता हरळी कसलाही आवाज न करता परिसरातून काढून घेते! प्लास्टिकच्या पात्याला ही सोय नाही. मे महिन्याच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग सहज साठ अंशांच्या वर जातो, अनवाणी पाय टेकवत नाही. संध्याकाळी मुलं खेळायला येण्याआधी थोडं पाणी शिंपडलं, की तेच भौतिकशास्त्र थोडा वेळ आपल्या बाजूने काम करतं. समोरच्या घराच्या चकचकीत काचेवरून परतलेलं ऊन रोज एकाच पट्ट्यावर पडत असेल, तर तिथली पाती वितळून आकसलेली दिसतात. तिथे पाण्याने भागत नाही, काचेवर जाळी किंवा पडदा लावावा लागतो.

दुसरं काम जमिनीचं, आणि जालन्यात हेच सगळ्यांत अवघड. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गवत अंथरलं, तर दोन ऋतूंत अंगणात उंचवटे आणि खळगे तयार होतात. जोड उसवतात, खळग्यात पाणी साचून वास येऊ लागतो. अशा वेळी वरून कितीही डागडुजी केली तरी ती टिकत नाही. गवत गुंडाळून बाजूला ठेवायचं, काळी माती काढून मुरूम आणि गिट्टी भरायची, वर कच पसरून धुमसाने नीट ठोकायचं आणि पाण्याला एका बाजूला उतार द्यायचा. गवताच्या पाठीला निचऱ्यासाठी बारीक भोकं असतात. बारीक धूळ पावसात भिजून चिखल झाली की ती बुजतात. म्हणून पावसाळ्याआधी झाडून घेणं आणि पाणी मारून निचरा तपासणं हे दरवर्षीचं काम.

पात्यांना उभं ठेवतं ते त्यांच्यामध्ये भरलेल्या वाळूचं वजन. ही वाळू वाऱ्याने, पावसाने, पायांनी कमी होत जाते, आणि मग चालण्याच्या वाटेवर गवत चपटं होतं. कडक ब्रशने लवेच्या उलट दिशेने घासायचं आणि कोरडी सिलिका वाळू भुरभुरवून पुन्हा घासायचं, की बरीचशी पाती उठून उभी राहतात. लोखंडी दातांचा पंजा मात्र वापरू नये, टाके निघतात.

फाटलं किंवा जळलं, तर ठिगळ. दिवाळीत फटाक्याची ठिणगी पडली की तिथे काळं, कडक भोक उरतं. तो भाग पाठीच्या बाजूने, टाक्यांच्या दोन रांगांच्या मधून कटरने चौकोनी कापायचा. नवा तुकडा त्याच मापाचा हवा आणि त्याची लव आजूबाजूच्या लवेच्याच दिशेने हवी. मखमलीचे दोन तुकडे उलटसुलट जोडले की रंग वेगळे दिसतात, तसंच इथे होतं. खाली जोडपट्टी, तिच्यावर सोल्युशन, वर दिवसभर वजन. कसबी कारागीर ठिगळासाठी तुकडा त्याच अंगणातल्या कुंड्यांमागच्या कोपऱ्यातून काढतो आणि कोऱ्या गवताचा तुकडा त्या कोपऱ्यात लावतो. उन्हाने उतरलेला रंग उतरलेल्या रंगालाच जुळतो.

हरळीला असा कारागीर लागत नाही. उन्हाळ्यात ती वाळून मेलेली दिसते, आणि पहिल्या पावसात जमिनीखालच्या कांड्यांतून पुन्हा फुटते. शेतकरी तिला शेतातून खणून खणून थकतो, ते याचसाठी. प्लास्टिकचं पातं मात्र एकदा झिजलं की झिजलं. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात, पातं ठिसूळ होतं आणि चुरा सुटतो. या सूक्ष्म प्लास्टिकच्या चिंतेने युरोपीय संघाने 2023 मध्ये मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबरी दाण्यांसारख्या भरावाच्या विक्रीवर बंदीचा नियम केला; त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे. आपल्या अंगणात तर असे दाणे पहिल्यापासूनच टाळता येतात, वाळू पुरते.

तेव्हा वर्षातून एकदा मूठभर पाती बोटांत चुरडून पाहा. हिरवी भुकटी हाताला लागली, तर दुरुस्तीत पैसे घालू नका, गवत काढा. काढलेलं गवत परसात जाळू नका, आणि कुंडलिका नदीला मिळणाऱ्या नाल्यात तर मुळीच टाकू नका.